बुडालेल्या रानाचा वाटा

रॉस पेटिबोन आमच्या गोठ्यात आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता. पहिलारू गाय, वासराचा एक खूर बाहेर आलेला आणि दुसरा आतच मुडपलेला. बाहेर मार्चचा ओला बर्फ पडत होता, ना धड बर्फ ना धड पाऊस. हार्लन, म्हणजे माझा नवरा, साखळी घेऊन माझ्या मागे उभा होता.

"मी नंतर येऊ का?" रॉसने दारातूनच विचारलं. पायात शहरी बूट.

"आलाच आहेस तर शेपूट धर," मी म्हटलं.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, तीन कमिशनरांपैकी हा एक, आणि त्यातला मुख्य. पण वाढला आमच्याच शेजारच्या घरात, हार्लनच्या वर्गात होता. मुकाट्याने शेपूट धरलं त्याने. मला दुसरा खूर सापडला, मी साखळी अडकवली, हार्लनने ओढ घेतली, आणि बऱ्याच वेळाने वासरू सळकन बाहेर पडून पेंढ्यात आलं. हार्लनने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला. वासराने कान हलवला तेव्हा कुठे मी पाठ सरळ केली. माझी पाठ आता सरळ होताना आवाज करते.

"धरणाचे पैसे आले," रॉस म्हणाला.

त्यात नवल काही नव्हतं. दरसाल येतात. खोऱ्याच्या तोंडाशी जे धरण आहे ते सरकारी वीज कंपनीचं. सरकारीला कर नसतो, म्हणून कराऐवजी ती काउंटीला काही रक्कम देते आणि काउंटी ती वाटते. शाळांना, रस्त्यांना, आणि उरलेली आगीच्या बंबाला आणि अँब्युलन्सला.

"शाळा आणि रस्ते यांचं ठरलंय," रॉस म्हणाला. "तिसऱ्या वाट्याचं घोडं अडलंय. इतकी वर्षं तो बुडालेल्या जमिनीवर वाटला. जमीन तुमची बुडाली, म्हणून निम्मा वाटा वरच्या खोऱ्याला. आता खालच्या गावची कमिशनर, व्हर्ना कॉब, म्हणते, पाण्याखाली कोण आजारी पडतं? वाटा माणसांवर काढा. अँब्युलन्स किती वेळा निघाली त्यावर काढा."

"मग काढा की," हार्लन म्हणाला.

"तुमची गाडी काउंटीच्या हिशेबात वर्षभरात दोनदा निघालीय."

हार्लन हसला. मला काही हसू आलं नाही.

ती अँब्युलन्स आमच्याच शेडमध्ये उभी असायची, ट्रॅक्टरच्या शेजारी. चावी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला. चालवायची मी आणि मागे बसायचा हार्लन. दोघंही बिनपगारी, पण अँब्युलन्सचं रीतसर शिकून पास झालेले. पण आमच्या खोऱ्यात काउंटीचा नंबर कुणी फिरवत नाही. तिथे कुणीतरी अनोळखी बाई नाव-गाव विचारते, म्हणजे चार लोकांना कळणार, म्हणजे बोभाटा. लोक सरळ माझ्या स्वयंपाकघरात फोन करतात. "डेलिया, जरा येतेस का? घाई नाही." घाई नाही म्हणाले की मी गॅस बंद करून पळते. त्या हिवाळ्यात किती वेळा पळाले ते मलाही सांगता येणार नाही. काउंटीला तर कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"गुरुवारी सुनावणी आहे," रॉस म्हणाला. "खाली या. सगळे या. कोणाकोणाला गाडीने नेलं ते त्यांच्या तोंडून ऐकू दे. मी तुमचा माणूस, मी बोललो तर घरचं बोलतोय म्हणतील. मला हातात काहीतरी द्या रे."

"बघू," हार्लन म्हणाला.

"बघू-बिघू नको. ये."

जाताना तो घरात डोकावला. माझे सासरे आयनर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. हिवाळ्यापासून ते झोपायचेही त्याच खुर्चीत, आडवं झालं की जीव घाबरायचा. हृदय दमलेलं, त्यामुळे छातीत पाणी साचायचं. "आधी रानात पाणी सोडलं, आता छातीत," असं स्वतःच म्हणायचे आणि हसायला जाऊन खोकायचे. त्या हिवाळ्यात तीनदा मी त्यांना त्या गाडीतून खाली दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्यांदा तर डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर. पुढचं त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

म्हणजे गाडी गेली तर कोण जाणार हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

"गुरुवारी तुम्ही पण या, आयनर," रॉस त्यांना म्हणाला. "तुमच्याइतकं कोण सांगणार?"

"काय सांगायचं?"

"गाडीत बसला होता ते."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की रॉसने टोपी घातली आणि निघाला.

बुधवारी जेवताना मी विषय काढलाच. "पप्पा, उद्या तुम्ही दोन शब्द बोला. नुसतं एवढंच म्हणा, मला नेलं होतं."

"तो आपला वाटा आहे," आयनर म्हणाले. बटाटा काट्याने दाबत बसले होते, खात नव्हते. "माझ्या बापाचं बटाट्याचं रान त्या पाण्याखाली आहे. घर आहे, गोठा आहे. त्या रानाचा वाटा म्हणून ती गाडी आहे. वाट्यासाठी कुणापुढे आजारपणं मोजून दाखवायची नसतात. ते भिकाऱ्याचं काम."

"मग मी सांगते."

"माझं नाव घेतलंस तर बघ."

तसंही मला घेता आलं नसतं. गाडीत कोण होतं, काय झालं होतं, हे बाहेर बोलायचं नाही अशी आम्ही शपथ घेतलेली असते. हार्लन खाली मान घालून सूप पीत होता. त्याच्याकडून मदतीची आशा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली होती. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आला होता.

गुरुवारी सकाळी दोन गाई कधीही वितील अशा होत्या. तरी त्यांना तशाच सोडून आम्ही निघालो. पिकअपमध्ये तिघं, आयनर मध्ये. खाली कार्व्हर गावाला पोचायला तास लागतो, निम्मा रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने. आयनरनी सगळा रस्ता समोर पाहिलं, पाण्याकडे नाही.

कोर्टहाउसची, म्हणजे काउंटीच्या कचेरीची, खोली गच्च भरली होती. एका बाजूला खालच्या गावाचे लोक, दवाखान्याच्या नर्सा, इस्त्रीचे कपडे. एका बाजूला आम्ही. आमच्या बाजूला शेणाचा वास येत होता हे मला आत शिरल्याशिरल्या कळलं, आणि बुटाचा तळ फरशीला पुसावा तर फरशीच घाण होणार. टिली मॅक्रे माझ्या पुढच्या रांगेत होती. तिचा नवरा बर्ट शेजारी, काठी घेऊन. शरद ऋतूत तो गवताच्या गंजीवरून पडला होता, मीच नेला होता. आमच्या बाजूच्या दोन रांगांत जेवढी माणसं बसली होती त्यातली निम्मी तरी माझ्या गाडीत आडवी झालेली मला दिसत होती. त्यांनाही एकमेकांचं ठाऊक होतं, पण कुणी कुणाला ठाऊक आहे असं दाखवत नव्हतं.

व्हर्ना कॉब वाईट बाई नाही. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं ऐकताना मलाही पटत होतं. दवाखान्यात रात्रीची नर्स एकच, गावची गाडी जुनी, लोकसंख्या आमच्या चौपट. "वर एक अख्खी अँब्युलन्स उभी आहे," ती म्हणाली, "आणि ती वर्षात दोनदा निघते. त्यात कोंबड्या अंडी घालत असतील."

खालच्या बाजूला हशा पिकला. माझे कान तापले. मी उठले.

"दोनदा नाही," मी म्हटलं. "जास्त वेळा निघते."

"किती वेळा?"

"बऱ्याचदा."

"आमच्याकडे नोंद नाही."

"लोक घरी फोन करतात."

"कोण लोक?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. व्हर्ना वाट पाहत होती. तिच्या तोंडावर कुत्सित काही नव्हतं, खरोखरच वाट पाहत होती.

"ठीक आहे," रॉस मध्ये पडला. तो माझ्याकडे नाही, आमच्या रांगांकडे बघत होता. "नावं नकोत. काय झालं होतं तेही नको. या वर्षात ज्यांना ज्यांना वरच्या गाडीने खाली आणलं, त्यांनी नुसता हात वर करा. बस्स."

बस्स म्हणताना त्याचा आवाज जरा चिरकला. पोरगा आमच्यासाठी रडकुंडीला आला होता.

टिलीने पर्सचा खटका उघडला आणि लावला. बर्टने काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिला. मागच्या रांगेतली एक पोर, जिचं बाळ गाडीतच जन्मलं होतं, ती तेच बाळ मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याची टोपी सारखी करत होती. मी आयनरकडे पाहिलं. टोपी गुडघ्यावर, हात टोपीवर. बोटांची नखं निळी झाली होती. श्वास मला शेजारी बसून ऐकू येत होता, सगळ्या खोलीला ऐकू जात असणार. तरी हात टोपीवरच.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. एकही हात वर गेला नाही.

"हार्लन," रॉस म्हणाला. आता तो सरळ विनवत होता. "तू सांग. तुमचं वर कसं चाललंय?"

हार्लन उभा राहिला. चारचौघांत उभं राहायची वेळ त्याच्यावर आमच्या लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच आली होती. त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. त्याला आयुष्यभर लोकांनी हा प्रश्न विचारला होता, दुकानात, चर्चच्या दारात, रस्त्यात गाडी थांबवून. आणि प्रत्येक वेळी त्याने जे उत्तर दिलं तेच त्याच्या तोंडातून आलं.

"चाललंय," तो म्हणाला आणि खाली बसला.

व्हर्नाने रॉसकडे पाहिलं. पुढे फार वेळ लागला नाही. वाटा माणसांवर काढायचा ठरला. व्हर्नाने हात वर केला, तिसऱ्या कमिशनरने केला, आणि टेबलाकडे बघत रॉसनेही केला. वरची गाडी एप्रिलअखेर खालच्या दवाखान्यात जमा करायची.

परतताना पिकअपमध्ये मला राहवेना.

"चाललंय? चाललंय काय? तुझा बाप तिथे निळा पडत होता!"

"तोंडातून गेलं गं."

"एरवी तुझ्या तोंडातून शब्द जात नाही. नेमका आजच गेला?"

"तिच्यावर ओरडू नकोस," आयनर म्हणाले. खरं तर ओरडत मी होते. म्हाताऱ्याला दम लागल्यामुळे कोण ओरडतंय तेही कळत नव्हतं, की मुद्दाम तसं बोलले, देव जाणे. मी रडायला लागले. हार्लनने एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने मला रुमाल दिला. त्या रुमालाला ग्रीसचा वास होता.

घरी आलो तर दोनातली एक गाय व्याली होती आणि वासरू कुंपणाखालून घसरून ओढ्याच्या चिखलात पडून मेलं होतं. हार्लनने ते उचलून पिकअपमध्ये टाकलं. त्या दिवसाबद्दल आम्ही नंतर बोललो नाही. गाई वीत राहिल्या, कुंपणं दुरुस्त करायची होती, चारा संपत आला होता. फोन मात्र महिनाभर आलाच नाही. लोकांना माझ्याकडे बघायची लाज वाटत होती, आणि मला त्यांच्याकडे.

एप्रिलच्या शेवटी मी गाडी धुतली. आतून बाहेरून, चाकांच्या खोबणीतला चिखलसुद्धा काढला. कोंबड्या अंडी घालत असतील म्हणाली होती ना व्हर्ना. बादली ठेवून वळते तर आयनर कोट आणि चांगली हॅट घालून उभे.

"मी येतो," म्हणाले.

"पप्पा, तिथे काय आहे? चावी द्यायची आणि परत यायचं. हार्लन मागून पिकअप आणतोय."

"येतो म्हटलं ना."

पायरी चढताना दोनदा थांबले. सीटवर टेकल्यावर बराच वेळ नुसता दम खात बसले. मग समोरच्या काचेला बोट लावून म्हणाले, "पुढे बसायची पहिलीच वेळ. मागून नुसतं छप्पर दिसतं."

वसंतात बर्फाचं पाणी येण्याआधी धरणाचं पाणी उतरवतात. तेव्हा काठाने चिखलाचं मैदान उघडं पडतं, झाडांचे खुंट वर येतात. एका वळणावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. खाली चिखलात दगडांचा एक चौकोन दिसत होता.

"गोठा," ते म्हणाले. "त्याच्या पलीकडे बटाटे." जरा वेळाने म्हणाले, "धरणवाले आले तेव्हा माझ्या बापाला विचारलं होतं, काही अडचण आहे का? बाप म्हणाला, नाही. आम्ही बघून घेऊ." मग त्यांनी काच वर केली आणि मी गाडी पुढे काढली.

दवाखान्याच्या मागच्या आवारात रॉस उभा होता. बरोबर एक तरुण माणूस, तो यापुढे ही गाडी चालवणार होता. पोरगा हुशार. आत डोकावला, इंजिनचं झाकण उघडलं, मग मैलांचा काटा बघून म्हणाला, "वर्षात दोनदाच गेली ना ही? मग एवढे मैल कसे पडले?"

रॉस काट्याकडे गेला. वाकून बघितलं त्याने आणि वाकलेलाच राहिला. मी खिशातली चावी चाचपत होते. मागे दार उघडल्याचा आवाज आला. आयनर खाली उतरले होते. गाडीला एक हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी दुसरा हात वर केला. खांद्याच्या वर जाईना. तेवढाच धरून उभे.

"मी," ते म्हणाले. "तीनदा. या हिवाळ्यात."

रॉस सरळ झाला. "आयनर, आता काय उपयोग हो?"

"उपयोग नाही म्हणत. तू विचारलं होतंस."

तो तरुण माणूस एकदा रॉसकडे, एकदा आयनरकडे बघत होता. हार्लन पिकअपमधून उतरून आला होता, त्यानेही ते पाहिलं. म्हातारा हात खाली घेईना. शेवटी मी जाऊन धरून खाली घेतला. गार पडला होता. मी चावी त्या पोराला दिली आणि आम्ही तिघं पिकअपमध्ये बसून घरी आलो.

त्यानंतर पाचेक दिवसांनी, दुपारी जेवत होतो. वारा होता, ऊन होतं, पहिल्यांदाच दार उघडं ठेवलं होतं. फोन वाजला.

"डेलिया," टिली मॅक्रेचा आवाज. "जरा येतेस का? घाई नाही. बर्ट खाली बसलाय, उठत नाहीये. तोंडाच्या एकाच बाजूने बोलतोय."

माझा हात खिळ्याकडे गेला. खिळ्याला काही नव्हतं.

"टिली, गाडी नाही गं," मी म्हटलं. "काउंटीचा नंबर फिरव."

"अगं नको. त्यांना कशाला एवढ्या लांबून. पिकअप घेऊन ये ना तू."

"टिली, फिरव म्हणते ना!"

"बघते," टिली म्हणाली. म्हणजे ती फिरवणार नव्हती. मला ते 'बघते' चांगलं ठाऊक होतं.

हार्लनने काटा खाली ठेवला. आयनर खिडकीपाशी बसून त्याच्याकडेच बघत होते. हार्लन उठला, माझ्या हातातून फोन घेतला, टिलीचा फोन ठेवून दिला आणि उभ्या उभ्या काउंटीचा नंबर फिरवला. तो नंबर त्याला पाठ होता हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडच्या बाईला त्याने मॅक्रेंचं घर सांगितलं, बर्टचं नाव सांगितलं, वय सांगितलं, काय झालंय ते सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी तोवर बूट घालत होते, आणि आयनर आपली गोधडी खुर्चीवरून ओढत होते, पिकअपमध्ये घालायला.

फोनमधला आवाज मोठा होता, मला दारापर्यंत ऐकू येत होता. गाडी निघालीय, बाई म्हणत होती, पण वर पोचायला तास लागेल. तोवर चालेल ना तुमचं?

हार्लनने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"नाही," तो म्हणाला. "नाही चालणार."